बंद पेटी की भोकाची पेटी

"हिला पोटफुगी झालीय," डॉक्टर म्हणाले.

मिरजेच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात ते फरशीवर गुडघे टेकून बसले होते. समोरच्या काळ्या पेटीच्या कुशीला त्यांनी तळवा लावला होता, डोळे मिटलेले, मान जराशी तिरकी. पेटीतून ढोलकी घुमत होती आणि दुकानातल्या काचेच्या कपाटाची दारं बारीक थरथरत होती.

"काय झालीय म्हणालात?" दुकानाचे मालक रियाज सतारमेकर यांनी विचारलं.

"पोटफुगी. वारा धरलाय आत. ढोलकी थांबली तरी हिचं पोट हलतंच आहे. हात लावून बघा."

रियाजभाईंनी वाकून हात लावला. ढोलकीची थाप पडली, थांबली, आणि त्यांनी भुवया वर केल्या. "बरोबर आहे की! पंधरा वर्षं सबवूफर विकतोय, पण असं कुणी तपासलं नव्हतं. तुम्ही डॉक्टर कसले?"

"जनावरांचे," मी सांगितलं.

गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची आहे. डॉक्टर शांतिनाथ मगदूम तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. शिरोळ तालुक्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं गाई-म्हशींच्या डाव्या कुशीत मूठ रोवून पोट चालतंय की नाही हे त्यांनी ओळखलं होतं, त्यामुळे कुठल्याही फुगीर वस्तूला हात लावून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मी चोपन्न वर्षांची, सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आमचं लग्न होऊन अडीच महिने झाले होते. दोघांचंही दुसरं. त्यांच्या पत्नी पद्मावती जाऊन सहा वर्षं झाली होती, माझा नवरा मोरेश्वर जाऊन चार.

ओळख लायब्ररीतच झाली. डॉक्टर पुस्तक न्यायला यायचे आणि ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी परत आणून द्यायचे, कोपरा न दुमडता, चहाचा डाग न पाडता. माझ्या नोकरीत एवढ्यावर माणूस मनात भरतो. एक दिवस पुस्तक परत देताना ते म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी पुस्तकं वेळेवरच आणून देईन." मी हसले, आणि झालं. त्यांचा मुलगा बंगळूरला, माझी मुग्धा पुण्याला. दोघांनीही फारशी खळखळ केली नाही. विश्रामबागेत एक फ्लॅट भाड्याने घेतला, त्यात अर्धं सामान त्यांच्या घरचं आलं, अर्धं माझ्या. सोफा पद्मावतींनी निवडलेला, टीव्ही डॉक्टरांचा, अॅम्प्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर मोरेश्वरचे. नवीन म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं, एक केरसुणी सोडली तर.

आता सबवूफर, म्हणजे नुसता खालचा सूर घुमवणारी ही स्पीकरची पेटी, कुठून निघाला ते सांगते. एका संध्याकाळी टीव्हीवर लढाईचा सिनेमा लागला होता. तोफ उडाली तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, "तोफ कसली, बिस्कीट मोडल्यासारखं वाटतंय." मी ते मनात ठेवलं. यांना जोरदार आवाज हवाय. दुसऱ्या दिवशी गाणं लावताना मी सहज म्हणाले, "या स्पीकरांना खर्ज नाही." त्यांनी ते मनात ठेवलं. हिला गाण्यासाठी खालचा सूर हवाय. आठवड्याभराने दोघांनीही एकदमच विषय काढला, आणि रविवारी सकाळी रियाजभाईंच्या दुकानात जायचं ठरलं. मला तो विषय सोमवारच्या आत उरकून टाकायचा होता.

रियाजभाई पंचेचाळिशीचे, मिठ्ठास बोलणारे. आजोबा सतारी बनवायचे, वडील तानपुरे, आणि यांनी स्पीकरचं दुकान काढलं. "घरचे म्हणायचे, धंदा बदललास," ते सांगत होते. "कुठे बदलला? भोपळा काय नि पेटी काय, आवाज पोकळीतूनच येतो."

त्यांनी आमच्यापुढे दोन सबवूफर ठेवले होते. एक लहान, चारी बाजूंनी बंद. दुसरा चांगला थोराड, पुढच्या अंगाला मुठीएवढं भोक असलेला.

"हे बघा काकी," रियाजभाई म्हणाले, "बंद पेटीचा आवाज आखूड नि घट्ट. गाण्याला चांगली. थाप पडली की पडली, शेपूट नाही. भोकाच्या पेटीतून वारा बाहेर येतो, म्हणून आवाज मोठा, खोल, जरा लोळणारा. सिनेमाला मजा येते. दोन्ही एकाच भावात बसतात. तुम्हाला कुठली आवडते तेवढं सांगा."

मी लगेच बोलायला लागले. माझ्याकडे त्या विषयावर बोलायला पुष्कळ होतं. "चांगल्या सबवूफरची खूण म्हणजे तो चालू असताना कळता कामा नये, आणि बंद केला की चुकल्याचुकल्यासारखं वाटलं पाहिजे. बाकी सगळी नुसती चरबी. गाण्याच्या अंगावर चढवलेली."

"चालू असताना कळणारच नसेल तर घ्यायचा कशाला?" डॉक्टरांनी निरागसपणे विचारलं.

रियाजभाई हसले. मी नाही हसले. माझं ते वाक्य मूळचं मोरेश्वरचं. तो ते पाहुण्यांसमोर टाकायचा तेव्हा सगळे माना डोलवायचे.

रियाजभाईंनी आधी तानपुरा लावला, मग घोडे दौडत येतात असा सिनेमातला एक प्रसंग, मग लावणीची ढोलकी. बंद पेटीवर सगळं नीटनेटकं वाजलं. मग भोकाच्या पेटीवर तीच ढोलकी सुरू झाली आणि थाप थेट माझ्या पोटात आली. साडीच्या निऱ्यांपर्यंत आली म्हणा ना. माझ्या पायाचा अंगठा आपोआप चपलेत ठेका धरू लागला. मी तो दाबून धरला. त्याच वेळी डॉक्टर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी पोटफुगीचं निदान केलं.

"मग बंदच घेऊ या," मी म्हणाले.

"तुम्हाला आवडली ना? मग तीच," डॉक्टर उठत म्हणाले.

"पण तुमच्या टीव्हीला मोठी बरी पडेल."

"टीव्हीचं काय एवढं? गाणं महत्त्वाचं."

"नाही, तुम्ही सिनेमे बघता."

"तुम्ही म्हणत असाल तर मोठी घेऊ."

"माझं काही नाही हो. तुम्ही सांगाल ते."

"मॅडम, तुम्ही सांगाल ते."

लग्न झाल्यावरही ते मला मॅडमच म्हणत.

हे पंधरा मिनिटं चाललं. मध्ये रियाजभाईंनी चहा मागवला, तो आला, निवला. शेवटी ते कपाळाला हात लावून म्हणाले, "असं करा. दोन्ही घेऊन जा. दुपारी मी स्वतः येऊन जोडून देतो. आठ दिवस ऐका, नको असेल ती आणून द्या. दुकानात असलं काही ठरत नसतं. घरच्या भिंतींना विचारावं लागतं."

दुपारी अडीचला ते आले. वायरी ओढल्या, मोठी पेटी जोडली, आणि जाता जाता जागा निवडायची एक युक्ती सांगितली. "सबवूफर कुठे ठेवायचा हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. पेटी तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, सोफ्यावरच. ढोलकी लावून द्या. आणि मग तुम्ही घरभर रांगत फिरा."

"काय करत?" डॉक्टर म्हणाले.

"रांगत. कान पेटीच्या उंचीला आला पाहिजे. फिरता फिरता जिथे आवाज भरीव लागेल, ती पेटीची जागा. पेटी तिथे ठेवलीत की सोफ्यावर तस्साच आवाज येतो. लोक हसतात, पण करून बघा." आणि ते गेले.

आम्ही दोघं सोफ्यासमोर उभे राहिलो. डॉक्टरांनी ती थोराड पेटी वासरू उचलावं तशी पोटाशी धरून उचलली आणि विचारलं, "तुमची बसायची जागा कुठली?"

"कुठेही ठेवा."

"कुठेही कसं? तुम्ही गाणं ऐकता तेव्हा कुठे बसता?"

मी खरंच आठवायला लागले. अडीच महिने रोज संध्याकाळी दोन तास मी गाणं लावत होते. विलंबित ख्याल, मोरेश्वरच्या संग्रहातले. डॉक्टर सोफ्याच्या डाव्या टोकाला डोळे मिटून बसायचे. मी कधी वेताच्या मोड्यावर, कधी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर, आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दाराशी. त्याआधीची, पहिल्या संसारातली सव्वीस वर्षंही दाराशीच. मोरेश्वरच्या घरात ऐकायची खुर्ची एकच होती, दोन्ही स्पीकरांपासून मोजून सारख्या अंतरावर. तो मला ऐकायला बोलवायचा, नाही असं नाही. पण त्या खुर्चीवर बसून काय ऐकू येतं ते तो मला सांगायचा. मी ते पाठ केलं होतं.

"मधोमध ठेवा," मी म्हणाले. "कुणाचीच जागा नाही ती."

डॉक्टरांनी पेटी मधोमध ठेवली. मी पदर खोचला. त्यांनी लेंगा गुडघ्यावर ओढला. ढोलकी सुरू झाली आणि एकशे पंधरा वर्षांचं आमचं जोडपं दिवाणखान्यात रांगायला लागलं.

फरशी गार होती, तेवढंच सुख. मी खिडकीकडून निघाले, ते टीव्हीकडून. टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात थाप नुसती गडगडत होती, जेवणाच्या टेबलाखाली जवळजवळ नाहीशी झाली. एकच ढोलकी वीतभर सरकलं की वेगळी. मला मौज वाटायला लागली. टीव्हीच्या डाव्या अंगाला, कुंडीजवळ, एक जागा अशी सापडली की थाप गोल, टपोरी, जशीच्या तशी अंगावर आली. मी तिथे चवड्यांवर बसले आणि एकटीच हसले.

"डॉक्टर! इथे या!"

उत्तर नाही. ते आवाजाच्या मागे लागून पॅसेजमध्ये रांगत गेले होते, बेडरूमच्या दाराकडे. मी ढोलकी ऐकत बसले. मिनिट झालं, दोन झाली. मग ते परत आले. रांगत नाही, चालत. सोफ्याला पाठ टेकून खाली बसले.

"मिळाली जागा?" मी विचारलं.

"बेडरूमच्या दाराशी चांगला येतो आवाज," ते म्हणाले. "जमिनीलगत बसलं की पलंगाखालचंही दिसतं. तुमची बॅग भरलेली आहे."

मी कुंडीतलं एक वाळकं पान तोडलं.

आतापर्यंत मी हे सांगितलं नव्हतं, कारण त्या दिवसापर्यंत मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मंगळवारी सकाळच्या पुण्याच्या गाडीचं तिकीट मी काढलं होतं. मुग्धाला सांगितलं होतं, येतेय, थोडे दिवस. किती ते नव्हतं सांगितलं. कॉलेजात रजेचा अर्ज दिला होता आणि बॅगेत उन्हाळ्याच्या साड्यांबरोबर थंडीचे कपडेही घातले होते. डॉक्टरांनी मला काही त्रास दिला म्हणावं, तर एक शब्द नाही. ते इतके चांगले वागत होते की मला गुदमरायला व्हायचं. अडीच महिने मी त्या घरात पाहुणी होते, आणि पंचाईत अशी की ते पण पाहुणेच होते. यजमान कुणीच नव्हतं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ठरवलं नाही."

त्यांनी मान हलवली. ढोलकी वाजतच होती. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "हरकत नाही. मी स्टँडवर सोडायला येतो. बॅग जड दिसतेय."

आणि माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

"सोडायला येता?" मी ओरडले. ढोलकीच्या वर ओरडावं लागत होतं. "बायको घर सोडून चाललीय आणि तुम्ही बॅग उचलायला येता?"

"तुम्हाला जायचं असेल तर मी कोण—"

"कोण म्हणजे? नवरा! अडवा ना! का चाललीस म्हणून विचारा तरी! अडीच महिने मी एकच वाक्य ऐकतेय, तुम्ही सांगाल ते, तुम्ही सांगाल ते. मी नवरा केलाय की रिसेप्शनिस्ट?"

"आणि तुम्ही?" डॉक्टरांचा आवाज चढला. तो चढतो हेच मला माहीत नव्हतं. "तुम्ही कधी काही सांगितलंत? काय आवडतं, काय खुपतं? मुकी जनावरं तपासण्यात माझा जन्म गेला, मॅडम. त्यांचं कुठे दुखतं ते मला कळायचं. तुमचं मला काही कळत नाही! त्यापेक्षा म्हैस परवडली. दुखलं की लाथ तरी मारते!"

"म्हणजे मी लाथ मारू?"

"मारा!"

"मग ऐका! मला कांदा हवाय! अडीच महिने या घरात कांदा आलेला नाही. पोह्यांत नाही, आमटीत नाही. तुमच्या जैन घरी कांदा-लसूण चालत नाही म्हणून मी एकदासुद्धा बोलले नाही. परवा कॉलेजच्या कँटीनमध्ये भजी खाल्ली, चोरून, शाळकरी पोरीसारखी!"

डॉक्टर तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिले.

"पण मी कांदा खातो," ते म्हणाले.

"काय?"

"पद्मा खात नव्हती. मी दवाखान्यात खायचो, कंपाउंडरच्या डब्यातला. इथे आलो तर तुमच्या स्वयंपाकात कांदा नाही. मला वाटलं, तुमच्याच घरची रीत. तसंही कसं विचारायचं?"

"अहो, कोकणस्थांच्या घरी कांदा चालतो, एवढंही माहीत नाही?"

"मला कोण सांगणार? कंपाउंडर?"

मला हसू येत होतं, पण मी ते येऊ दिलं नाही. अजून राग शिल्लक होता. "आणि रोज संध्याकाळी तुमच्यासाठी ख्याल लावते, त्याचं काय? दोन-दोन तास!"

"माझ्यासाठी?" ते गुडघ्यांवर उभे राहिले. "मला त्यातलं काही समजत नाही! मी डोळे मिटतो ते झोप येते म्हणून! तुम्हाला आवडतं म्हणून मी बसतो. घोरणं यायला लागलं की स्वतःला चिमटा काढतो, हे बघा!" आणि त्यांनी बाही वर करून दंडावरचे काळे-निळे डाग मला दाखवले.

"मला आवडतं?" मी म्हणाले, आणि माझं बोलणं तिथेच अडलं.

मोरेश्वर गेल्यापासून चार वर्षं मी रोज ते लावत होते. न लावणं म्हणजे त्याचा अपमान, असं काहीतरी मनात होतं. पण आवडतं का, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. सोफ्यावरून ढोलकी घुमत होती.

"मला हे आवडतं," मी त्या पेटीकडे बोट दाखवलं. "ही धडधड. ही ढोलकी. लहानपणी जत्रेत तमाशाच्या तंबूबाहेर उभी राहून ऐकायची. वडील कान धरून घरी न्यायचे. हिला पोटफुगी असली तर असू दे. मला मोठीच पेटी हवी."

"मला नको," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"मला ती भिकार वाटते. डोकं उठतं. बंद पेटी चांगली आहे. स्वच्छ, आटोपशीर. मला मुळात टीव्हीचा आवाज मोठा नकोच आहे. मला बातम्या नीट ऐकू आल्या की झालं."

"मग दुकानात का नाही बोललात?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी आता बोलतेय! मोठी!"

"लहान!"

"मोठी!"

"कुंदा!" ते ओरडले.

अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव घेतलं होतं. दोघंही चपापलो. आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या उगारे वहिनी उभ्या होत्या, हातात पोळपाट तसाच. माझा खोचलेला पदर, गुडघ्यांना लागलेली धूळ, मागे लेंगा वर ओढून उभे असलेले डॉक्टर, सोफ्यावर मधोमध बसलेली पेटी, असं सगळं त्यांनी सावकाश बघून घेतलं.

"तुमच्या ढोलकीनं आमच्या फडताळातली भांडी नाचतायत," त्या म्हणाल्या. "ती तेवढी कमी करा. भांडण चालू द्या, त्याचं काही नाही. उलट मी आमच्या ह्यांना म्हटलं, वर माणसं राहतात म्हणायची. अडीच महिने मला वाटत होतं फ्लॅट रिकामाच आहे."

त्या गेल्यावर मी दार लावलं आणि दाराला टेकून हसत सुटले. डॉक्टर आधी माझ्याकडे संशयाने बघत राहिले, मग तेही हसायला लागले, बसून, पाय पसरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "का चालली होतीस?"

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले आणि सांगितलं. मोरेश्वरच्या खुर्चीचं सांगितलं, दाराशी बसण्याचं सांगितलं. या घरातही मी दारच शोधलं, त्यात तुमचा दोष नव्हता, हेही सांगितलं. त्यांनी पद्मावतींचं सांगितलं. शेवटच्या आजारपणात त्यांना कशाचाही त्रास व्हायचा, भांड्याचा, बोलण्याचा, पावलांचा. चार वर्षं डॉक्टर घरात चवड्यांवर चालले होते. "सवय लागली," ते म्हणाले. "कुणाला आपला धक्का लागू नये अशी. मग सुटता सुटेना."

तासभर तरी आम्ही तसेच बसलो होतो. मग ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरून दोन किलो कांदे घेऊन आले. एवढे कशाला, म्हणून मी त्यांना बोलले. ते उलट बोलले.

सोमवारी सकाळी मी बॅग रिकामी केली. ते दारात उभे राहून बघत होते, मदत करू का म्हणून विचारलं नाही. मुग्धाला फोन करून सांगितलं की मी महिन्याअखेर येईन, दोघंही येऊ, आणि दोनच दिवस राहू. ती म्हणाली, "आई, तुझा आवाज का बसलाय?" मी म्हणाले, "भांडत होते." "डॉक्टरांशी? तू?" तिने विचारलं.

तो आठवडा फार गमतीचा गेला. मोरेश्वरचा संग्रह मी पेट्यांत भरून कॉलेजच्या संगीत विभागाला दिला, दोन तबकड्या मात्र ठेवल्या, मला खरंच आवडतात त्या. सबवूफरवरून रोज नवीन वाद व्हायचा. एक दिवस लहान पेटी जोडायची, एक दिवस मोठी. ते बातम्यांचे दाखले द्यायचे, मी ढोलकीचे. बुधवारी त्यांनी स्टेथस्कोप काढला आणि दोन्ही पेट्यांना लावून मला ऐकायला लावलं. मी म्हणाले, मला हे मान्य नाही, तुम्ही पक्षपाती डॉक्टर आहात. गुरुवारी मी उगारे वहिनींना पंच म्हणून वर बोलावलं. त्यांनी लहान पेटीला मत दिलं, पण त्यांच्या भांड्यांचा त्यात स्वार्थ होता, म्हणून ते बाद झालं. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर घोड्यांचा सिनेमा लागला. मोठी पेटी जोडलेली होती. घोडे दौडत आले तसे डॉक्टर नकळत सोफ्यावर पुढे सरकले, आणि मी ते बघितलं.

"काही नाही," ते घाईने म्हणाले. "पाय अवघडला होता."

"पंचवीस घोडे होते. सगळ्यांच्या टापा मोजल्यात तुम्ही."

"एक लंगडत होता," ते म्हणाले. "पुढचा उजवा. ऐकू आला म्हणून सांगतो."

रविवारी आम्ही लहान पेटी घेऊन मिरजेला गेलो. रियाजभाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि डॉक्टरांना विचारलं, "मग मोठी पसंत पडली तर?"

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग ठेवली कशाला?"

"भांडलो," डॉक्टर म्हणाले. "हरलो."

इतक्या खूश चेहऱ्याने हरलेला माणूस रियाजभाईंनी पाहिला नसावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी कपाटातून दोन मीटर चांगली वायर काढली, गुंडाळली आणि पैसे न घेता माझ्या हातात दिली.

परत येताना डॉक्टर गाडी चालवत होते. वानलेसवाडी मागे पडली तसे ते म्हणाले, "पेटी टीव्हीच्या डावीकडे ठेवलीयस, ती जागा चुकीची आहे. उद्या मी ती खिडकीखाली हलवणार."

"हलवायची नाही."

"हलवणार."

"ती जागा मी रांगून शोधलीय."

"मग मी पुन्हा रांगेन," ते म्हणाले आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.